घोड्याची शेपटी आणि काळी पाटी

हंपी पायीच पाहावी असं म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे आणि थोडा संशयही. जागतिक वारसा म्हणून आखलेलं तिथलं क्षेत्र साधारण 42 चौरस किलोमीटरचं. विरूपाक्षाच्या गोपुरापासून विठ्ठल मंदिरापर्यंत तुंगभद्रेच्या काठाकाठाने चालत जाता येतं आणि ती वाट सुंदरच आहे. पण राजवाड्यांचा भाग, कमलापूरचं संग्रहालय, माल्यवंत टेकडी, नदीपलीकडची आनेगुंदी हे सगळं पायी करायचं तर वय विशीचं हवं, नाहीतर सुट्टी महिनाभराची. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. होतं ते सांगलीच्या आरटीओनं दिलेलं लायसन्स. चाळिशी उलटल्यावर काढलेलं. मैदानात आठाचा आकडा काढताना पाय जमिनीला लागला नव्हता, याचा मला माझ्या पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे.

सोबत भाची होती. तिच्याकडे शिकाऊ परवाना होता आणि पक्क्या परवान्याचा आत्मविश्वास.

होसपेटला उतरलं की तीन प्रकारची माणसं भेटतात: रिक्षावाले, गाइड आणि दुचाकी भाड्याने देणारे. रिक्षावाले तुम्हाला दिवसभराचं हंपी विकतात. अमुक ठिकाणी वीस मिनिटं, तमुक ठिकाणी अर्धा तास. त्यात गैर काही नाही, त्यांचं पोट त्यावर आहे आणि उन्हाळ्यात त्यांच्या टपाची सावली अमृतासारखी लागते. पण पडक्या शहरात वेळ अशी वाटून घेता येत नाही. कृष्ण मंदिराच्या समोरच्या बाजारपेठेत, रस्ता ओलांडून पलीकडे, पुष्करणीच्या काठावर माणूस उगाच बसतो. त्या उगाच बसण्यासाठी स्वतःची गाडी लागते.

पहिल्या दुकानात गाडी तयार होती. टीव्हीएसची मोपेड, पुढे सामान ठेवायला ऐसपैस जागा, पाटी पांढरी. मालक तरुण आणि गोड बोलणारा. "अक्का, लायसन्स इधर रखो. शाम को गाडी दो, लायसन्स लो." त्यानं टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत लायसन्सं, आधारकार्डं, दोन-तीन परदेशी पासपोर्ट रबरबँडने बांधून ठेवलेले. मी विचारलं, लायसन्स इथे ठेवलं तर वाटेत दाखवू काय? तो हसला. "कोई नहीं पूछता."

या व्यवहारातली गंमत मला तिथेच उभ्या उभ्या कळली आणि अजून पुरती पचलेली नाही. गाडी चालवताना जो कागद जवळ असायला हवा, तोच ठेवून घेतल्याशिवाय गाडी मिळत नाही. तुम्ही चालवायला लायक आहात याचा पुरावा ड्रॉवरमध्ये, आणि तुम्ही रस्त्यावर. दुकानदाराच्या लेखी तो परवाना नव्हेच, ते तारण आहे. त्याच्या जागी सोन्याची अंगठी ठेवली असती तरी त्याला चाललं असतं, किंबहुना जास्त आवडलं असतं.

आता मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स दाखवलेलं चालतं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं तसा नियमच केला. त्यामुळे पोलिसापुरता प्रश्न सुटतो. पण माझं लक्ष पाटीकडे होतं. गोव्यात ज्यानं कधी दुचाकी भाड्याने घेतली आहे त्याला ठाऊक असतं, की भाड्याच्या, स्वतः चालवायच्या गाडीची पाटी काळी आणि तिच्यावरची अक्षरं पिवळी. पांढरी पाटी म्हणजे घरची गाडी. भाड्याने दुचाकी देण्यासाठी 1997 ची एक केंद्रीय योजना आहे. त्या योजनेखाली रीतसर परवाना काढायचा, निदान पाच गाड्या बाळगायच्या, त्यांचा भाड्याच्या वापरासाठी विमा उतरवायचा. हे सगळं करायला पैसे लागतात, आणि म्हणून काळ्या पाटीची गाडी महाग पडते. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त, कारण तिच्यातून काहीतरी काढून घेतलेलं असतं. घरगुती वापराचा विमा असलेली गाडी भाड्याने फिरली आणि कुणाला लागलं, तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. मग रस्त्यावर उरता तुम्ही, समोरचा जखमी माणूस, आणि ड्रॉवरमधलं लायसन्स.

भाचीला हे सगळं रटाळ वाटत होतं. "मावशी, दोनशे रुपयांसाठी किती वाद घालशील?" वाद पैशांचा नव्हता हे तिला पटवण्यात आणखी अर्धा तास गेला. शेवटी काळ्या पाटीची गाडी मिळाली, ती दुसऱ्या दुकानात. तिथल्या बाईंनी लायसन्सचा झेरॉक्स घेतला, अनामत घेतली, एका छापील कागदावर सही घेतली. शिकाऊ परवानाधारकानं गाडी चालवू नये हेही त्या कागदावर होतं. मी ते भाचीला दोनदा वाचून दाखवलं. हेल्मेटं दोन मिळाली. एकाचा पट्टा तुटलेला होता, तो बदलून घेतला.

बाहेरून आणलेल्या वाहनावर चालणं या गावाला नवं नाही. इथे राजधानी असलेल्या विजयनगरच्या फौजेला घोडे लागत आणि चांगला घोडा इथल्या हवेत निपजत नसे. अरबस्तानातून, होर्मुझहून ते समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर यायचे, तिथून घाट चढून इथे. फर्नांव नूनिझ नावाचा पोर्तुगीज स्वतः घोड्यांचा व्यापारी होता. 1535 च्या सुमारास तो या शहरात होता. राजा वर्षाला 13,000 होर्मुझी घोडे खरेदी करतो असं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्याहून मजेदार गोष्ट तो आधीच्या एका राजाची, नरसिंहाची सांगतो. हा राजा घोडे जिवंत असोत वा मेलेले, हजार पर्दाव नाण्यांना तीन या भावाने घ्यायचा. समुद्रात घोडा मेला तर व्यापाऱ्यानं नुसती शेपटी आणून दाखवायची, पैसे चुकते. रॉबर्ट सिवेलनं हा मजकूर 1900 साली इंग्रजीत आणला म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. नुकसानभरपाईचा दावा इतक्या सरळपणे मंजूर झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. शेपटी हाच त्या काळचा पंचनामा.

ज्या जहाजांतून हे घोडे येत त्यांनाही कागद लागत असे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला अरबी समुद्रावर कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा केला. जहाजाचं नाव, तांडेल कोण, माल काय, जाणार कुठे, सगळं त्यावर लिहिलेलं. तो जवळ नसेल तर जहाज मालासकट जप्त. 1510 मध्ये गोवा हातात आल्यावर घोड्यांचा सगळा व्यापार गोव्याच्याच बंदरातून व्हावा यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं, कारण विजयनगर आणि विजापूरची आदिलशाही दोन्ही गिऱ्हाईक होती आणि घोडा ज्याच्याकडे त्याच्याकडे दख्खन. 1547 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आणि विजयनगरचा सदाशिवराय यांच्यात तह झाला, त्यात गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरलाच जावेत, विजापूरला नकोत असं कलम होतं. पुढे अठरा वर्षांत, 1565 मध्ये, तालिकोटची लढाई झाली आणि घोडे, तह, कलमं सगळंच निकालात निघालं. आज गोव्याहून होसपेटला अमरावती एक्स्प्रेस येते आणि तिच्यातून पाठीवर बोजे घेतलेली तरुण मंडळी उतरतात. गोव्यात आठवडाभर भाड्याच्या स्कूटरवर फिरून आलेली असल्यामुळे त्यांना इथेही पहिल्यांदा तेच हवं असतं.

घोड्यांची ही हकीकत मी ग्रंथालयात वाचली होती, पण ती अंगाला लागली कमलापूरहून विठ्ठल मंदिराकडे जाताना. तळारिगट्ट वेशीच्या दगडी कमानीतून रस्ता जातो. पुढे उजव्या-डाव्या हाताला खांब-मंडप लागतात. त्यांतल्या कुदुरे गोंबे मंडपाच्या खांबांवर मागच्या पायांवर उभे राहिलेले घोडे आणि त्यांच्यावर स्वार. विठ्ठलासमोरच्या लांबलचक बाजारपेठेत घोड्यांचा बाजार भरत असे, असं तिथे सांगतात. आणि याच ठिकाणी आमच्या मोपेडला थांबावं लागलं. मंदिराच्या अलीकडे साधारण किलोमीटरभरावर सगळी वाहनं अडवली जातात. पुढे चालत जा, नाहीतर विजेच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून. त्या गाड्या गावातल्या बायका चालवतात. आमची चालक तिशीची असेल, साडीवर शर्ट, केसांत अबोलीचा गजरा. गर्दीतून, शेळ्यांतून, सेल्फी काढणाऱ्यांतून तिनं गाडी अशी नेली की भाची गप्प झाली. उतरताना भाचीनं विचारलं, "अक्का, लायसन्स?" बाईनं हसून ब्लाउजमध्ये खोचलेल्या पाकिटाला हात लावला.

आत गेल्यावर दगडी रथ. पन्नासच्या नोटेवर आहे तोच. खरं तर ते गरुडाचं देऊळ, रथाच्या घाटाचं. चाकं पूर्वी फिरवता येत असत म्हणतात, आता ती घट्ट बसवून टाकली आहेत. पुढे दोन हत्ती आहेत, पण ते मूळचे नव्हेत. त्यांच्या मागे पाहिलं तर मोडलेल्या घोड्यांच्या खुणा अजून दिसतात. घोड्यांनी उभारलेल्या शहराच्या सगळ्यात प्रसिद्ध रथाला घोडेच उरलेले नाहीत. तिथला गाभाराही रिकामा. वारकरी परंपरा सांगते की कृष्णदेवरायानं पंढरीचा विठ्ठल इकडे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, पण गोष्ट मला फार आवडते. देवानं भानुदासांच्या गळ्यात आपला नवरत्नांचा हार घातला, पहारेकऱ्यांना तो सापडला आणि भानुदासांना सुळावर चढवायचं ठरलं. हार दिला कुणी याचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. सुळालाच पालवी फुटली तेव्हा राजाला पटलं. देवाच्या माणसाची सोय होते ती अशी. आपल्या मोपेडला पालवी फुटण्याची शक्यता कमी.

परतीच्या वाटेवर वळणावर एक जोडपं उभं दिसलं. पुण्याकडचं. स्कूटर खडीवर घसरली होती, मुलीचा कोपर सोलला होता, मुलाच्या पँटीचा गुडघा फाटला होता. स्कूटरची पाटी पांढरी. सुदैवानं समोरून कुणी नव्हतं. मी पाण्याची बाटली दिली, भाचीनं तिच्या पिशवीतलं मलम. मुलगा फोनवर दुकानदाराशी बोलत होता आणि दर वाक्यागणिक त्याचा आवाज बसत चालला होता. पुढचा मडगार्ड, आरसा, हँडल, असं करत रक्कम वाढत होती. गॅरेजमध्ये दाखवून ठरवू असं हा म्हणत होता, आणि तिकडून उत्तर एकच: दोघांची लायसन्सं माझ्याकडे आहेत. संध्याकाळची गाडी होती त्यांची. मुलानं शेवटी मागेल तेवढे द्यायचं कबूल केलं. विम्याचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. दुकानदाराला ते परवडणारं नव्हतं आणि मुलाला ते सुचलं नाही.

त्यांना सोडून पुढे निघालो तेव्हा भाचीनं मागून विचारलं, आता तरी चालवू दे ना थोडी, रस्ता मोकळा आहे. उग्रनरसिंहाच्या अलीकडचा तो टप्पा होता आणि खरोखरच मोकळा होता. "मावशी, इथं कोण बघतंय?" कृष्णदेवरायाच्या काळात, 1528 मध्ये, एकाच शिळेतून कोरलेला तो नरसिंह पुढच्या वळणावर डोळे वटारून बसला होता, त्यामुळे उत्तर द्यायची गरज पडली नाही. पण तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर दहा मिनिटांनी आलं. केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर शेतातून अचानक रस्त्यावर वळला. त्याच्यामागे सायकलवर शाळेतून सुटलेली दोन पोरं, एकाच सायकलवर, दप्तरं हँडलला. मी वेळीच थांबले. ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला, पोरं टाटा करून गेली.

पर्यटकाला हंपी हे संग्रहालय वाटतं. तिकीट काढलं की आतलं सगळं बघण्यासाठीच आहे, असं. पण तिथली केळीची आणि उसाची शेतं विजयनगरच्या काळातल्या कालव्यांच्या पाण्यावर आजही पिकतात, आणि आपण ज्याला दोन देवळांमधला रस्ता म्हणतो तो कुणाच्या तरी घरापासून शेतापर्यंतचा रस्ता आहे. लायसन्स पोलिसासाठी असतं ही आपली पक्की समजूत. 2019 मध्ये केंद्रानं विनापरवाना चालवण्याचा दंड 500 वरून 5,000 केला तेव्हा तीच समजूत आणखी घट्ट झाली. राज्याराज्यांनी पुढे काही दंड खाली आणले, आणि चर्चा आकड्यांवरच राहिली. त्या सायकलवरच्या पोरांच्या बाजूनं पाहिलं तर लायसन्सचा अर्थ एवढाच: समोरून येणाऱ्या अनोळखी बाईला ब्रेक कुठे आहे ते ठाऊक आहे, हे कुणीतरी एकदा तपासून पाहिलेलं आहे. आणि चुकलंच तर तिच्या गाडीचा विमा आपल्यापर्यंत पोचेल.

वाहनांची सोय आणि पडकं शहर यांचं भांडण तर हंपीत सरकारी पातळीवरही झालं. तुंगभद्रेवर आनेगुंदीजवळ मोटारींसाठी पूल बांधायला घेतला, आणि अशा बांधकामांमुळे 1999 मध्ये युनेस्कोनं हंपीला धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकलं. 2006 मध्ये नाव यादीतून निघालं. तो पूल मात्र पुरा झालाच नाही. जानेवारी 2009 मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि त्यात कामगार गेले. आता वाहनं पलीकडे जातात ती लांबून, बुक्कसागरजवळच्या पुलावरून. आम्ही तसेच गेलो. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, विजयनगर सरतो आणि कोप्पळ लागतो. दुचाक्यांच्या पाट्यांवर केए-35 च्या जागी केए-37 दिसायला लागतं. भातशेतं, मोठमोठे धोंडे, अंजनाद्री टेकडीच्या पायऱ्यांवर लाल वस्त्रांतले भक्त. इथल्या दुकानांतून मोपेडी घेऊन हिंडणारे परदेशी पोरगे बरेच. त्यांतल्या एकाला भाचीनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुझ्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना आहे का? त्यानं पासपोर्ट दुकानात ठेवलाय असं सांगितलं. म्हणजे ड्रॉवर नदीच्या दोन्ही तीरांवर सारखेच.

भाचीच्या डोक्यात सिसिली आहे. ॲग्रिजेंटोची ग्रीक मंदिरं, स्वतः गाडी चालवत. तिला मी एवढंच सांगितलं की आधी पक्कं लायसन्स काढ. मग आपल्याच आरटीओत चार-अ क्रमांकाचा अर्ज आणि 1,000 रुपये भरले की आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. मूळ 1949 च्या जिनिव्हा कराराचा तो कागद, वर्षभर चालतो, आणि आपलं मूळ लायसन्स सोबत असेल तरच त्याला किंमत. इटलीत आपल्यासारख्यांकडे तो मागतात. तिला हे सगळं आधीच ठाऊक होतं. परक्या देशात नियम पाळायची तिची पूर्ण तयारी होती. फक्त हंपीत नको होती, कारण हंपी आपली. हा हिशेब आपल्यापैकी बऱ्याच जणांचा आहे.

संध्याकाळी गाडी परत केली. बाईंनी चाकं, आरसे पाहिले, पेट्रोलचा काटा पाहिला, अनामत मोजून दिली, आणि आमच्या झेरॉक्सवर आडवी रेघ मारून तो आमच्याच हातात दिला. भाडं पांढऱ्या पाटीवाल्यापेक्षा जवळजवळ दीडपट पडलं होतं. मला ते महाग वाटलं नाही.

तुम्ही हंपीला, किंवा अशा कुठल्याही जुन्या देवळांच्या गावाला जाल तेव्हा एवढं करा. गाडी घेण्याआधी पाटी पाहा, विम्याचा कागद मागा, त्यावरची तारीख वाचा. झेरॉक्स द्या, अनामत द्या, हवी तर दुप्पट द्या. मूळ लायसन्स कुणाच्याही ड्रॉवरमध्ये ठेवू नका. आणि काळ्या पाटीची गाडी नाहीच मिळाली, तर सरळ रिक्षा करा, आणि त्या रिक्षावाल्याला सांगा की कृष्ण मंदिरासमोरच्या पुष्करणीपाशी वीस मिनिटं पुरणार नाहीत.